स्पिटफायरचे सूक्ष्म तपशिलांसह प्रमाणबद्ध मॉडेल कसे बनवावे

लढाऊ विमानाचे मॉडेल तपशीलवार करायचे म्हणजे बाजारात मिळणारे जास्तीत जास्त सुटे भाग त्यावर चढवायचे, असा अनेकांचा समज असतो आणि त्यापायी चांगले किट अर्धवट पडून राहते. माझ्या मते तपशिलाचा अर्थ वेगळा आहे. एका ठरावीक महिन्यात, एका ठरावीक तळावर उभे असलेले एकच विमान निवडायचे, त्यावर काय होते आणि काय नव्हते हे शोधून काढायचे आणि तेवढेच, पण नेमके दाखवायचे. या लेखात त्यासाठी सुपरमरीन स्पिटफायर मार्क १ हे विमान घेतले आहे. १९४० च्या उन्हाळ्यात, ब्रिटनच्या हवाई लढाईत, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ डॉर्सेटमधील वॉर्मवेल या गवताळ धावपट्टीवरून उडणाऱ्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे ते विमान आहे.

ही निवड करण्यामागे एक कारण आहे. हैदराबादच्या निजामाने ब्रिटिश हवाई दलाला दिलेल्या देणगीमुळे या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले आणि तिच्या मानचिन्हात निजामाचे शिरोभूषण आले. मराठवाडा तेव्हा याच संस्थानाचा भाग होता. पुढे हीच स्क्वाड्रन ब्रह्मदेशच्या आघाडीवर आली, तेव्हा तिच्या स्पिटफायरवर झेप घेणारा काळा बिबट्या रंगवलेला असे. ते दुसरे मॉडेल होऊ शकते, आपण मात्र १९४० वरच थांबू.

पहिला निर्णय प्रमाणाचा. स्पिटफायर मार्क १ च्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर आणि लांबी ९.१२ मीटर होती, म्हणजे १/७२ प्रमाणात पंख सुमारे १५.६ सेंमी, १/४८ मध्ये २३.४ सेंमी आणि १/३२ मध्ये ३५ सेंमी होतात. कॉकपिटमधील काम डोळ्यांना दिसावे आणि मॉडेल कपाटातही मावावे, यासाठी १/४८ हे प्रमाण सर्वांत सोयीचे ठरते. या प्रमाणात जपानच्या टामिया, चेक प्रजासत्ताकाच्या एडुआर्ड आणि ब्रिटनच्या एअरफिक्स या तिन्ही कंपन्यांची किट उपलब्ध आहेत. सांधे सहज जुळावेत अशी इच्छा असणाऱ्याने टामिया घ्यावे. पृष्ठभागावरील रिव्हेट आणि कॉकपिटमधील बारकावे किटमध्येच हवे असतील, तर एडुआर्ड घ्यावे.

गोंदाआधी छायाचित्रे

किट उघडल्यावर लगेच भाग कापायला घेऊ नयेत. आधी निवडलेल्या स्क्वाड्रनच्या विमानांची त्या काळातली छायाचित्रे जमवावीत आणि त्यांच्यासमोर बसून एक कागद भरावा: महिना कोणता, पंखा (प्रोपेलर) कोणत्या बनावटीचा, छत सपाट की फुगीर, पुढच्या काचेवर बाहेरून बसवलेली चिलखती काच आहे की नाही, पंखांखाली राउंडेल, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या वर्तुळाकार खुणा, आहेत की नाहीत. हा शेवटचा प्रश्न फार बोलका आहे, कारण जून १९४० मध्ये लढाऊ विमानांचा खालचा भाग ‘स्काय’ या फिकट हिरवट रंगाचा झाला तेव्हा पंखांखालची राउंडेल काढली गेली आणि ऑगस्टमध्ये ती पुन्हा आली. जुलैचे विमान करायचे असेल आणि किटमधील डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील चित्र) पंखांखाली चिकटवली, तर बाकी कितीही कष्ट घेतले तरी मॉडेल चुकलेलेच राहील.

आज संग्रहालयांत दिसणाऱ्या किंवा प्रदर्शनांत उडणाऱ्या स्पिटफायरची छायाचित्रे रचना समजून घेण्यासाठी उपयोगी आहेत, पण रंगासाठी आणि उपकरणांसाठी त्यांच्यावर विसंबू नये. त्यांची अनेकदा दुरुस्ती झालेली असते आणि त्यांत नंतरच्या काळातले भाग बसवलेले असतात.

कॉकपिट

सर्व स्प्रू (किटचे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवावेत, म्हणजे साच्यातून आलेला तेलकट थर निघून जातो आणि रंग नीट धरतो. भाग कापताना धारदार कटर भागापासून किंचित दूर चालवावा आणि उरलेला तुकडा ब्लेडने व वॉटर पेपरने साफ करावा. गोंद लावण्याआधी प्रत्येक भाग कोरडाच जुळवून पाहावा. हे सगळे कंटाळवाणे वाटते, तरी पुढचे निम्मे दोष इथेच टळतात.

मार्क १ च्या कॉकपिटचा मूळ रंग करडा-हिरवा होता. आसन मात्र पाहून ठरवावे, कारण आधीची आसने धातूची व त्याच करड्या-हिरव्या रंगाची होती आणि नंतरची लालसर तपकिरी संमिश्र पदार्थाची. आसनाच्या पाठीला काळ्या चामड्याची गादी असे. समोरच्या फलकाच्या मध्यभागी सहा मुख्य उपकरणे दोन ओळींत बसवलेली होती. वरच्या ओळीत वेगमापक, कृत्रिम क्षितिज आणि चढउतारमापक, तर खाली उंचीमापक, दिशादर्शक जायरो आणि वळणमापक. उपकरणांचे चेहरे डिकलने करावेत आणि प्रत्येक तबकडीवर चकाकत्या वार्निशचा एकेक थेंब ठेवावा, म्हणजे काच असल्याचा भास होतो. नियंत्रणदांड्याचे वरचे टोक गोल कड्याच्या आकाराचे आहे आणि त्यावरच मशीनगनचे बटण असते. हे कडे किटमध्ये बहुतेक वेळा जाड येते, म्हणून ब्लेडने हलके खरवडून ते बारीक करावे.

वैमानिकाला आसनाशी बांधणाऱ्या सटन पद्धतीच्या पट्ट्यांसाठी मी पितळी फोटो-एच (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याच्या) भागांपेक्षा पातळ शिशाचा पत्रा किंवा साधा कागद अधिक पसंत करतो, कारण पितळ आसनावर ताठ उभे राहते आणि कापडाचे वजन त्यात कधीच दिसत नाही. या पट्ट्या चार असतात, दोन खांद्यांवरून आणि दोन मांड्यांवरून येणाऱ्या. त्या आसनाच्या कडेवरून सैल सोडाव्यात आणि त्यांवरील छिद्रांच्या पितळी कड्या अणकुचीदार काडीने टिपून काढाव्यात.

वायर आणि नळ्या जोडताना प्रमाणाचा हिशेब सोडू नये. १/४८ मध्ये ०.३ मिमी जाडीची तार म्हणजे प्रत्यक्षात १४ मिमी जाडीची नळी होय. बाजूच्या भिंतींवर अशा तीन-चार नळ्या पुरेशा असतात, कारण छत उघडे ठेवले तरी त्याहून जास्त काही दिसत नाही. रंग वाळल्यावर पातळ तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत साचणारा पाण्यासारखा रंग, द्यावा आणि उठावदार कडांवर फिकट करड्या-हिरव्या रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवावा.

धड आणि पंख जोडणे

स्पिटफायरचे सौंदर्य तिच्या लंबवर्तुळाकार पंखांत आहे, आणि मॉडेलमध्ये सर्वांत जास्त बिघडते तेही तेच. पंख मुळापासून वर सुमारे ६ अंशांचा कोन करतात. धडाशी जोडताना फट राहिली, तर पुट्टी भरण्याची घाई करू नये. धडाच्या आत स्प्रूचा एक तुकडा आडवा बसवून भिंती हलक्या ताणाव्यात, म्हणजे फट मिटते आणि कोनही टिकतो. गोंद वाळेपर्यंत दोन्ही पंखांची टोके टेबलापासून सारख्या उंचीवर आहेत, याची पट्टीने खात्री करावी.

इंजिनावरचे वरचे आवरण मूळ विमानात एकसंध पत्र्याचे आहे, त्यामुळे मॉडेलच्या दोन भागांची मधली शिवण तिथे दिसता कामा नये. ती फेविक्विकने भरावी, पण पूर्ण कडक होण्याआधीच ४०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने घासायला घ्यावी, नाहीतर ती प्लास्टिकहून टणक होते. मग ८०० आणि २००० क्रमांकांपर्यंत जावे. घासताना पुसलेल्या पॅनेल रेषा पुन्हा कोराव्यात, मात्र उथळच. ०.१ मिमी रुंदीची रेषा प्रत्यक्षात जवळपास ५ मिमीची फट होते आणि तेवढी फट विमानाच्या पत्र्यांत नसते.

रिव्हेटच्या बाबतीत एक हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कुठे सपाट डोक्याचे रिव्हेट आवश्यक आहेत आणि कुठे स्वस्त, गोल डोक्याचे चालतील, हे तपासण्यासाठी सुपरमरीन कंपनीच्या लोकांनी सपाट रिव्हेटवर वाटाण्याची दले चिकटवली आणि ती टप्प्याटप्प्याने काढत वेगातला फरक मोजला. त्यामुळे पंखांवर सपाट आणि धडाच्या मागच्या भागावर गोल डोक्याचे रिव्हेट आले. मॉडेलवर सगळीकडे सारखीच खोल छिद्रे पाडली, तर हा फरक पुसला जातो. पंखांवर ती जवळजवळ दिसेनाशी असावीत.

रंगकाम

रंगाआधी करड्या प्रायमरचा पातळ थर द्यावा, त्यात राहिलेले ओरखडे उघड होतात. एअरब्रशसाठी ०.३ मिमीचे नोझल, १५ ते २० पीएसआय दाब आणि दुधाइतका पातळ रंग हे प्रमाण सुरुवातीला योग्य असते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकर रंग मारल्यास हवेतल्या ओलाव्याने पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते, म्हणून कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा ट्रॅप असावा आणि शक्यतो पाऊस थांबून ऊन पडलेला दिवस पाहावा. लॅकरचे काम खिडकी उघडी ठेवून आणि फिल्टरचा मास्क लावूनच करावे.

आधी खालचा ‘स्काय’, मग वर ‘डार्क अर्थ’ आणि शेवटी ‘डार्क ग्रीन’ असा क्रम ठेवावा. कॅमोफ्लाजचे दोन आराखडे होते, ए आणि बी, आणि ते एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब होते. आपल्या विमानाचा कोणता, हे छायाचित्र सांगेल. दोन रंगांच्या सीमेसाठी चिकणमातीसारख्या ब्लू-टॅकच्या बारीक वळ्या करून त्या रेषेवर ठेवाव्यात आणि एअरब्रश पृष्ठभागाला काटकोनात धरावा. प्रत्यक्षात एक ते दोन इंचांत पुसट होणारी सीमा १/४८ मध्ये अर्धा ते एक मिलिमीटरच उरते, त्यामुळे ढगासारखी पसरलेली किनार चुकीची दिसते.

मॉडेल आपण ३० सेंमी अंतरावरून पाहतो, म्हणजे खऱ्या विमानापासून साधारण १४ मीटरवर उभे असल्यासारखे. तेवढ्या अंतरावर हवेमुळे रंग थोडा फिकट दिसतो. म्हणून प्रत्येक रंगात फिकट करड्याचे काही थेंब मिसळावेत आणि काही पत्र्यांच्या मध्यभागी तेच मिश्रण आणखी पातळ करून फवारावे.

रंग पूर्ण वाळल्यावर चकाकता वार्निश द्यावा आणि एक दिवस थांबावे. खरखरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक कडा चंदेरी दिसतात. स्क्वाड्रनची ‘यू एम’ ही अक्षरे मध्यम करड्या रंगाची आहेत. धडावरील राउंडेलला बाहेरून पिवळे कडे असते, तर पंखांच्या वरच्या बाजूला फक्त लाल-निळे राउंडेल असते. डिकल मऊ करणारे द्रव लावल्यावर ती सुरकुतते. तिला हात न लावता वाळू द्यावी, ती आपोआप रेषांत बसते.

झीज आणि डाग

इथे पुष्कळ चांगली मॉडेल बिघडतात. रंगाचे टवके उडून चंदेरी धातू दिसणे हे जिथे धातू आहे तिथेच शक्य असते. मार्क १ चे एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर (पंखांवरचे व शेपटीवरचे हलते भाग) कापडाने मढवलेले होते, त्यामुळे त्यांवर चंदेरी ठिपके देऊ नयेत. डी हॅविलँडच्या पंख्याची पाती धातूची होती, तिथे कडांवर ते शोभतात. लाकडी पात्यांच्या रोटॉल पंख्यावर नाही. सर्वाधिक झीज डाव्या पंखाच्या मुळाशी दाखवावी, कारण वैमानिकाचे दार डाव्या बाजूला होते आणि चढउतार तिथूनच होत असे. काचेच्या पुढच्या बाजूला पेट्रोल टाकीचे झाकण आहे, त्याच्या आसपास सांडलेल्या इंधनाचे पातळ ओघळ असू द्यावेत. एक्झॉस्टची काजळी धडाच्या कडेने पंखाच्या मुळावरून मागे जाते. ती तपकिरी व काळ्याच्या मिश्रणाने, अनेक अगदी पातळ फवाऱ्यांत उमटवावी. १९४० च्या त्या महिन्यांत पुष्कळ विमाने काही आठवडेच टिकली, म्हणून वर्षानुवर्षे उन्हात उभे राहिल्यासारखे विटलेले विमान करू नये. वॉर्मवेलची जमीन गवताची होती, तेव्हा चाकांवर सिमेंटची धूळ न दाखवता मातीचा हलका तपकिरी थर द्यावा.

पंखांच्या पुढच्या कडेवर आठ ब्राउनिंग मशीनगनच्या तोंडांवर लाल कापडी पट्ट्या चिकटवलेल्या असत. त्या अखंड ठेवल्या, तर विमान उड्डाणासाठी सज्ज आहे. फाटलेल्या आणि धुराने काळवंडलेल्या दाखवल्या, तर ते नुकतेच लढून परतले आहे. दोन्हीपैकी एकच गोष्ट सांगावी आणि पंखांखालची काजळी त्याच्याशी जुळती ठेवावी. फ्लॅपबाबतही (उतरताना पंखांखाली सोडल्या जाणाऱ्या झडपा) हाच विचार करावा. उतरल्यावर वैमानिक ते लगेच वर घेत असत, त्यामुळे जमिनीवर उभ्या विमानाचे फ्लॅप खाली सोडलेले दाखवणे सहसा टाळावे, आतली रचना कितीही आकर्षक असली तरी.

शेवटची जोडणी

चाकांचे पाय, पंखा आणि पारदर्शक भाग सर्वांत शेवटी बसवावेत. काचेच्या भागांना फेविक्विक कधीही लावू नये, त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते. त्यांना फेविकॉलसारखा पांढरा गोंद पुरतो. समोरून पाहताना दोन्ही चाके सारख्याच कोनात आहेत ना, हे पाय पूर्ण पक्के होण्याआधी तपासावे.

उन्हाळ्यातल्या विमानावर कॉकपिटमागच्या खांबापासून रडरच्या टोकापर्यंत रेडिओची तार होती. त्यासाठी मासेमारीची ०.२ मिमीची दोरी घेतली, तर प्रत्यक्षात ती जवळपास एक सेंटिमीटर जाडीचा दोरखंड होते. मेणबत्तीपासून थोड्या अंतरावर स्प्रूचा तुकडा फिरवत गरम करावा, तो मऊ होताच ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही हातांनी सावकाश ताणावा, आणि मिळालेल्या धाग्यातला केसाहून बारीक, सरळ भाग निवडून दोन्ही टोकांना गोंदाच्या सूक्ष्म थेंबाने चिकटवावा. धागा सैल वाटला, तर धुमसत्या अगरबत्तीचे निखाऱ्याचे टोक दोन-तीन सेंमी अंतरावर क्षणभर धरावे, तो स्वतःच ताठ होतो.