लेबर रूममध्ये रुजू होताना

स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्राला प्रवेश मिळाला की बहुतेकांना एकच घाई असते: सिझेरियन स्वतःच्या हाताने कधी करायला मिळणार? मिळेल, काळजी करू नका. पहिले काही महिने मात्र बीपी घेणं, पॅड बघणं, केसपेपर लिहिणं आणि रक्ताच्या पिशव्यांमागे धावणं हेच वाट्याला येणार आहे. इतकी वर्षं लेबर रूममध्ये काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: पेशंटचा जीव बऱ्याचदा याच कंटाळवाण्या कामांत वाचतो, नाहीतर जातो.

आपल्या पेशंट तरुण असतात. गरोदरपणाच्या शेवटी अंगातलं रक्त एरवीपेक्षा ४० टक्क्यांच्या आसपास वाढलेलं असतं. त्यामुळे लिटरभर रक्त गेलं तरी बाई बोलते, पाणी मागते, बाळाला जवळ घेते. बीपी बराच वेळ तग धरतं आणि मग एकदम कोसळतं. त्याच्या आधी नाडी वाढलेली असते, पण तिच्याकडे कुणी बघत नाही. नाडीला वरच्या बीपीने भागा, उत्तर ०.९ किंवा त्याहून जास्त आलं तर पेशंटपासून हलू नका. ‘बीपी ११० आहे, ठीक आहे’ असं सांगणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारते तो नाडी किती हा. तीही ११० असेल तर काहीही ठीक नाही.

रक्तस्रावाचा अंदाज डोळ्यांनी करू नका. नवखा करो वा अनुभवी, अंदाज सहसा कमीच निघतो. रक्त चादरीत मुरतं, बादलीत पाण्याबरोबर मिसळतं, पाठीखाली साचतं. प्रसूतीनंतर लगेच मोजमापाच्या खुणा असलेला ड्रेप (रक्त गोळा करणारी प्लास्टिकची चादर) पाठीखाली सरकवला की किती मिली ते समोर दिसतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. नेहमीच्या पद्धतीत पीपीएच (प्रसूतीनंतरचा जास्त रक्तस्राव) निम्म्याच पेशंटमध्ये ओळखलं जात होतं, ड्रेप वापरणाऱ्या रुग्णालयांत ते ९३ टक्क्यांवर गेलं. तिथे उपचारही एकामागून एक वाट बघत दिले नाहीत. गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचित करणारं औषध), ट्रानेक्सॅमिक ॲसिड (रक्तस्राव रोखणारं औषध), सलाइन आणि रक्त कुठून येतंय याची तपासणी हे सगळं एकदमच सुरू केलं. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी घटले. ड्रेप नसेल तर भिजलेले मॉप (रक्त टिपायच्या कापडी घड्या) वजनकाट्यावर ठेवा, कोरड्यांचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली.

ट्रानेक्सॅमिक ॲसिडचा एक ग्रॅम प्रसूतीपासून तीन तासांच्या आत गेला पाहिजे, आणि जितका लवकर तितका फायदा जास्त. २०१७ च्या वूमन ट्रायलमध्ये वीस हजारांवर स्त्रिया होत्या, त्यातून हे स्पष्ट झालं. म्हणून प्रसूतीची वेळ ‘पहाटे कधीतरी’ अशी चालत नाही. गर्भाशय आकुंचित करणाऱ्या इतर औषधांपैकी मेथर्जिन बीपी वाढलेल्या पेशंटला द्यायचं नाही, कार्बोप्रोस्ट दमेकरी पेशंटला नाही. ‘दम्याचा त्रास आहे का?’ हे भरती करतानाच विचारा आणि केसपेपरवर वरच ठळक लिहा. रक्त वाहत असताना ती उत्तर देईलच असं नाही. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्येच ठेवायचं असतं हेही लक्षात असू द्या. ट्रेवर सकाळपासून उघड्यावर पडलेल्या ॲम्प्यूलवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

आता मॅगसल्फ, म्हणजे बीपी वाढलेल्या गरोदर बाईला फिट येऊ नये म्हणून देतात ते मॅग्नेशियम सल्फेट. नव्या लोकांना याची भीती वाटते, आणि थोडी वाटलेली बरी. ५० टक्क्यांच्या दोन मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये एक ग्रॅम असतं. चार ग्रॅमचा डोस भरताना आकडेमोड मनात करू नका, सिस्टरसमोर मोठ्याने करा. प्रत्येक पुढच्या डोसआधी तीन गोष्टी बघा: गुडघ्याचा झटका येतोय का (हॅमरने ठोकल्यावर पाय उडतो का), श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, गेल्या चार तासांत लघवी किमान १०० मिली झाली का. गुडघ्याचा झटका सगळ्यात आधी जातो, श्वास त्यानंतर मंदावतो. म्हणजे हॅमर खिशात नसेल तर तुम्ही पहिली सूचनाच हुकवताय. मॅगसल्फवरचा उतारा असलेल्या कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० टक्क्यांचं १० मिलीचं ॲम्प्यूल पेशंटच्या उशाशी असावं, कपाटात कुलपाआड नाही.

याच पेशंटला बऱ्याचदा ऑक्सिटोसिनची ड्रिपही चालू असते. दोन्ही पाण्यासारखी, एकाच स्टँडवर, शेजारी शेजारी. बीपी वाढलेल्या बाईचं बाळ बाहेर आलं, कुणीतरी म्हणालं ‘ड्रिप वाढवा’, आणि ज्या नळीला हात लागला ती मॅगसल्फची निघाली, ही गोष्ट लांबची वाटते, पण ती घडते. पिशवीवर आणि नळीवर, दोन्हीकडे लेबल लावा. वेग बदलण्याआधी पिशवीपासून शिरेपर्यंत नळी बोटांत धरून उतरत या. आठ-दहा सेकंद लागतात.

ऑपरेशन थिएटरमध्ये मॉप मोजण्याची शिस्त असते. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट २००८ मध्ये आली, तेव्हापासून तर ती बरीच पक्की झाली. पण एपिसिओटॉमीचे (प्रसूतीवेळी योनीमुखाशी दिलेल्या छेदाचे) टाके घालताना मध्यरात्री, अपुऱ्या उजेडात, एकटेच असता तेव्हा मोजणार कोण? रक्त अडवायला योनीत ठेवलेला मॉप तिथेच राहून जातो, आणि काही दिवसांनी घाण वासाचा स्राव घेऊन ती बाई परत येते. सुरू करण्याआधी सिस्टरबरोबर मोजा, शेपटी असलेलाच मॉप आत ठेवा, शेपटीला आर्टरी फोर्सेप्स (पकडून ठेवणारा चिमटा) लावून ठेवा. शेवटी पुन्हा मोजा आणि आकडा लिहा. मॉपच्या ऐवजी सुटी गॉज आत ठेवू नका, कितीही घाई असली तरी.

बाळाचे ठोके ऐकताना दुसरा हात आईच्या मनगटावर असू द्या. कळा देताना आईची नाडी १३० पर्यंत जाते आणि डॉपलरवर (ठोके ऐकवणाऱ्या यंत्रावर) तीच बाळाची म्हणून ऐकू येऊ शकते. दोन्ही आकडे जुळले की थांबा, जागा बदला, पुन्हा ऐका.

सीनियरला फोन करायला लाजू नका हे तुम्हाला सगळेच सांगतील. कसा करायचा हे फारसं कुणी सांगत नाही. ‘मॅडम, पेशंटला जरा ब्लीडिंग जास्त वाटतंय’ यावरून झोपेतल्या माणसाला काही कळत नाही. असं सांगा: ‘मॅडम, चार नंबरची पेशंट, ४० मिनिटांपूर्वी नॉर्मल डिलिव्हरी. ड्रेपमध्ये ७०० मिली, नाडी १२०, बीपी १००/६०, गर्भाशय मऊ. ऑक्सिटोसिन चालू आहे, ट्रानेक्सॅमिक दिलं, रक्त मागवलंय. तुम्ही लगेच या.’ शेवटचं वाक्य गाळू नका. आणि एखादी जुनी सिस्टर म्हणाली, ‘डॉक्टर, ही मला बरी दिसत नाहीये’, तर आकडे चांगले असले तरी उठून बघून या. तिचं कारण तिला शब्दांत सांगता येईलच असं नाही.

गायनॅक ओपीडीबद्दल एवढंच: पोटात दुखतंय म्हणून आलेल्या, पाळी चालू असण्याच्या वयातल्या प्रत्येकीची प्रेग्नन्सी टेस्ट करा. ‘पाळी आत्ताच येऊन गेली’, ‘ऑपरेशन झालंय’, ‘शक्यच नाही’ या तिन्ही उत्तरांनंतरही करा. एक्टोपिकमध्ये (गर्भ गर्भाशयाबाहेर रुजलेला असताना) होणारा थोडासा रक्तस्राव पाळी म्हणूनच सांगितला जातो.

इमर्जन्सीत दहा हात गोळा होतात आणि लिहायला कुणी नसतं. सगळ्यात ज्युनियर तुम्ही असाल तर पेन हातात घ्या आणि घड्याळासमोर उभे राहा. प्रसूतीत बाळाचा खांदा अडकला तर डोकं किती वाजता बाहेर आलं, मदत कधी बोलावली, आईचे पाय पोटाकडे कधी दुमडले, अंग कधी बाहेर आलं, हे सगळं त्या वेळीच टिपा. हातमोज्याच्या पाठीवर वेळ लिहिणारे पाहिलेत मी. हातमोजा कचऱ्यात जातो आणि नोंदही. नंतर काही आठवलं तर जुन्या ओळींत घुसडू नका, खाडाखोड करू नका. ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहून आत्ताची वेळ टाका, मग घटनेची वेळ, आणि खाली सही.