आउटबोर्ड मान टाकतंय? कार्ब्युरेटर शेवटी खोला

होडीच्या मागे बसवायचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, सुरू होतं, जरा चालतं आणि मान टाकतं. की लगेच लोक कार्ब्युरेटर खोलायला बसतात! मी टाकीपासून सुरुवात करतो आणि कार्ब्युरेटरला नाइलाजानेच हात लावतो.

काम उघड्यावर करा. बॅटरीची वायर आणि प्लगच्या टोप्या आधी काढून ठेवा, फक्त चालू इंजिनावर तपासताना लावा.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? हसू नका, तो बंद राहिला की पेट्रोल ओढलं जात नाही. मग थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी शोषतं आणि पाणी फार झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. तळाला वेगळा थर दिसला तर सगळंच पेट्रोल बाद.

आता टाकीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतला, हाताने दाबायचा रबरी फुगा. त्यावरचा बाण इंजिनाकडे आणि तेच तोंड वर धरून दाबत राहा. तो कडक झाला पाहिजे. होत नसेल तर कुठूनतरी हवा शिरतेय (जोडणीतली ओ-रिंग बघा) किंवा फुग्यातला व्हॉल्व्ह गेलाय. इंजिन चालू असताना फुगा चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला. इंजिन मरायला लागल्यावर फुगा दाबला की सावरतं, आणि हवा कुठून शिरत नाही? मग इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, गेलाय. तो क्रँककेसमधल्या (पिस्टनमागच्या पेटीतल्या) कमीजास्त होणाऱ्या दाबावर हलतो, त्यामुळे बारीकशी चीरही पुरते. ताठर झाला असेल तर चीर नसली तरी बदला.

नळीवर विश्वास ठेवू नका. बाहेरून ठणठणीत दिसते, आतला थर मात्र सुटून वाट अडवतो. जुनी असेल तर सरळ नवी घाला, इथेनॉल चालेल अशीच.

एवढं करूनही रडगाणं चालूच असेल तर खोला कार्ब्युरेटर. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी अलगद आत फिरवून किती वळसे बसतात ते लिहून ठेवा. फुगा दाबल्यावर पेट्रोल बाहेर ओघळत असेल तर पेट्रोलची आत येणारी वाट बंद करणारी नीडल (सुई) नीट बसत नाही. तिच्या टोकाला गोल खाच पडली का, भिंगातून बघा. जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) तार घालायची नाही म्हणजे नाही! पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की इंजिन पेट्रोल पिणार आणि धूर ओकणार. क्लीनरमध्ये भिजवा, हवेचा झोत मारा, उजेडासमोर धरा. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. गॅस्केट मात्र नवीच.

ताज्या पेट्रोलमध्ये तेल कंपनीच्या प्रमाणात. 50:1 सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली. फुगा कडक करून थोडा वेळ थांबा आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर दोरी ओढायची नाही, क्लिप परत आवळा.