क्रॉसओव्हर बसवल्यावर गाण्यातला आवाज पोकळ येत असल्यास : माझा अनुभव
कारमधील ४ ओहमच्या वूफर-ट्वीटरसाठी मी ३००० हर्ट्झवर दर सप्तकाला १२ डेसिबल उताराचे लिंक्विट्झ-रायली पद्धतीचे क्रॉसओव्हर (जाड स्वर वूफरकडे आणि बारीक स्वर ट्वीटरकडे वाटून देणारे सर्किट) बांधले, तेव्हा बास आणि झांजा स्वच्छ येत होत्या, मात्र गायिकेचा आवाज पोकळ लागत होता. कपॅसिटर बदलूनही, दारात कंपन शोषणारी डॅम्पिंग शीट लावूनही फरक पडेना. अगदी वैताग आला. कारण या रचनेतच होते : कटऑफवर (जिथे वाटणी होते त्या ३००० हर्ट्झवर) दोन्ही स्पीकरच्या फेजमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींच्या चढउतारात, १८० अंशांचे अंतर पडते आणि ते एकमेकांचा आवाज खोडतात. प्रथम अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. ट्वीटरच्या सिरीजमध्ये ६.६ मायक्रोफॅरड (३.३ चे दोन पॅरलल) व त्यानंतर ट्वीटरला पॅरलल ०.४२ मिलिहेन्रीची कॉइल असल्याची खात्री केली. मग क्रॉसओव्हरच्या आउटपुटवर फक्त ट्वीटरच्या प्लस-मायनस तारा, डावीउजवीकडे दोन्हीकडे, उलटवल्या. वूफरच्या तारा तशाच ठेवल्या. ३००० हर्ट्झचा टोन लावताच तो पूर्वीपेक्षा स्पष्टपणे मोठा ऐकू आला.