कूस बदलताच खोली फिरते? कानातले कण जागेवर असे आणा

कुशीवर वळलात आणि अख्खी खोली गरागरा फिरली. डोळे घट्ट मिटून पडून राहिलात आणि मिनिटभरात सगळं थांबलं. सकाळी उठताना पुन्हा तेच. असा त्रास असेल तर पित्त, ‘लो बीपी’ आणि मानेचा मणका यांच्या मागे लागण्याआधी आतल्या कानाकडे बघा. या आजाराला डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात, म्हणजे डोक्याची स्थिती बदलताच येणारी थोड्या वेळाची, जिवाला धोका नसलेली चक्कर. नाशिकमध्ये फिजिओथेरपी करताना असे रुग्ण मी सतत बघते. थिनिंगच्या, म्हणजे द्राक्षघडातले मणी विरळ करण्याच्या दिवसांत दिंडोरी-पिंपळगावकडून बायका येतात. द्राक्षाच्या मांडवाखाली मान वर केली की त्यांना गरगरतं. गळ्यात पट्टा असतो आणि पिशवीत चक्करच्या गोळ्या. गोळीने मळमळ कमी होते, पण कानातला कण जागचा हलत नाही. आणि पट्ट्याचा तर या आजारात काहीच उपयोग नाही.

प्रत्येक कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं कुठे वळलं ते त्या मेंदूला कळवतात. त्यांच्या शेजारच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण चिकटलेले असतात आणि त्यांच्या वजनावरून मेंदूला खाली-वर कळतं. हे कण सुटून नलिकेत शिरले, बहुतेक वेळा मागच्या नलिकेत, तर आडवं होताच ते घरंगळतात आणि द्रव ओढतात. डोकं स्थिर असूनही मेंदूला ते फिरतंय असं वाटतं. कण तळाशी बसले की चक्कर थांबते. ते नलिकेतून बाहेर काढण्याची रीत अमेरिकेतल्या जॉन एपली यांनी बसवली आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. गोळी नाही, सुई नाही, फक्त डोकं ठराविक क्रमाने वळवायचं.

आधी एक अट. चक्कर तासन्‌तास टिकत असेल, बोलणं अडखळत असेल, एकाच्या जागी दोन दिसत असतील, हात-पाय लुळा वाटत असेल, कधी नव्हे इतकं डोकं दुखत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठा. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. मानेचं ऑपरेशन झालेल्यांनी, मानेत संधिवात किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्यांनी हे घरी करू नये. किमान पहिल्या वेळी तरी हे डॉक्टरांकडूनच करून घ्या.

कोणता कान, ते असं कळतं: पलंगावर पाय लांब करून बसा, मान ४५ अंश उजवीकडे वळवा आणि पटकन उताणे पडा. उशी खांद्याखाली हवी, म्हणजे डोकं थोडं खाली लोंबतं. काही सेकंदांनी चक्कर आली आणि बुबुळं झटके देत फिरताना सोबतच्या माणसाला दिसली, तर कान उजवा. मग डावीकडे वळून बघा. डोळे मिटू नका.

आता उजव्या कानासाठी. डाव्यासाठी सगळं उलट.

उजवीकडे मान वळवून, डोकं खाली लोंबतं ठेवून पडा. चक्कर थांबेपर्यंत थांबा, वर आणखी ३० सेकंद. मग डोकं न उचलता ९० अंश डावीकडे फिरवा. पुन्हा ३० सेकंद.

पुढचा टप्पा सगळ्यात जास्त वेळा फसतो, आणि मला स्वतःला तो नीट जमायला बराच काळ लागला. इथे डाव्या कुशीवर वळायचं असतं, पण अंगासोबत डोकंही तितकंच फिरून नाक जमिनीकडे यायला हवं. माणसं कुशीवर येतात आणि डोकं तेवढं मागे ठेवतात, म्हणजे नजर भिंतीवरच राहते. नाहीतर घाबरून कोपरावर जोर देतात आणि डोकं उचलतात. कण बाहेर पडायच्या बेतात असतो, डोकं उचललं की तो मागे घसरतो. मग ‘एपली करून बघितलं, फरक नाही’ म्हणतात.

मी एकच प्रश्न विचारते: ‘फरशीचा सांधा दिसतो का?’ कपाट दिसत असेल तर कोन चुकला. सांधा दिसला पाहिजे. सोबतच्या माणसाने दोन्ही तळव्यांत डोकं धरून ते अंगाबरोबर वळवावं, झटका देऊन नव्हे. यात चक्कर पुन्हा आली तर घाबरू नका, कण पुढे सरकतोय. आणि पलंग भिंतीला लागून असेल तर आधीच ओढून घ्या, कारण आता पाय डावीकडून खाली सोडायचे आहेत. ऐन वेळी उलट्या बाजूने उठलेल्यांची सगळी मेहनत वाया जाते.

३० सेकंदांनी हनुवटी छातीला लावून, पाय खाली सोडत उठून बसा. उठताच जोराचा झोक जाऊ शकतो, म्हणून खांदे धरायला कुणीतरी हवंच.

बसूनच झोपा, आठवडाभर मान हलवू नका, असले सल्ले ऐकू नका, त्यांची गरज नाही. मात्र लगेच स्कूटर काढू नका आणि गोदाघाटाच्या पायऱ्या त्या दिवशी एकट्याने उतरू नका. दिवस-दोन दिवस हलकं तरंगल्यासारखं वाटतं, ते जातं. त्रास वारंवार येत असेल तर ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघा. दोन-तीनदा नीट करूनही गरगरणं राहिलं तर कण आडव्या नलिकेत असू शकतो. तिथे ही रीत चालत नाही, वेगळी लागते आणि ती तज्ज्ञांच्याच हातून करून घ्या.