व्हिसाच्या फॉर्ममधल्या या चुका टाळा, माझीही झोप वाचवा

रात्री साडेअकराला फोन येतो. "ताई, उद्या सकाळी बायोमेट्रिक आहे आणि फॉर्मवर आईची जन्मतारीख चुकलीय, आता काय करू?" फॉर्म भरला कधी, तर तीन आठवड्यांपूर्वी. भरल्यावर एकदा तरी वाचला का, तर नाही. गेली सोळा वर्षं मी लोकांचे व्हिसाचे फॉर्म तपासून देते. देश बदलले, फॉर्म बदलले, कागदाचे पडद्यावर आले, चुका मात्र त्याच.

लोकांना अजून वाटतं की फॉर्म म्हणजे खिडकीतून आत सरकवायचा कागद. शिक्का बसला, काम झालं, कागद रद्दीत. ते दिवस गेले. अमेरिकेने २००४ मध्ये येणाऱ्या परदेशी लोकांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, आधी दोन बोटांचे, पुढे दहाही. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा, व्हिसाच्या माहितीचा सामायिक साठा २०११ पासून चालू आहे आणि भारतातून अर्ज करणाऱ्यांचे ठसे त्यात नोव्हेंबर २०१५ पासून जमा होतात. मागच्या अर्जात काय लिहिलं होतं ते तुम्ही विसरलेले असता, समोरच्या अधिकाऱ्याच्या पडद्यावर ते उघडलेलं असतं.

नाव, आणि नावामुळे झालेली फजिती

आपलं नाव तीनपदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर रकाने दोनच, सरनेम आणि गिव्हन नेम. मधलं नाव गिव्हन नेममध्ये जातं, किंवा जातच नाही. पासपोर्ट काढताना ज्याने अर्ज भरला त्याच्या मर्जीवर सगळं. मग व्हिसाच्या फॉर्मवर कुणी मधलं नाव गाळतं, कुणी आडनावाला चिकटवतं, कुणी आधार कार्ड बघून भरतं.

मी एकच गोष्ट बघते. फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ खुणांच्या. वरच्या ओळीत आधी पी, मग आयएनडी, मग आडनाव, मग दोन कोनी खुणा आणि त्यानंतर उरलेलं नाव. विमानतळावरचं यंत्र हेच वाचतं. त्या दोन कोनी खुणांच्या आधी जे आहे ते तुमचं आडनाव, मग घरची पाटी काहीही म्हणो. आणि आडनावाचा रकाना रिकामाच असेल तर अमेरिकेच्या फॉर्ममध्ये तुमचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' लिहावं लागतं, म्हणजे नाव अज्ञात. व्हिसा हातात आल्यावर "माझं नाव एफएनयू कधी झालं?" म्हणून घाबरे होऊन फोन करणारे दर वर्षी दोन-तीन तरी असतात.

पण खरी गोम पुढे आहे. लग्नात पहिलं नावसुद्धा बदलण्याची पद्धत आपल्याकडे अजून गेलेली नाही, आणि फॉर्म विचारतो: तुम्ही कधी दुसरं नाव वापरलंय का?

एक मुलगी २००९ मध्ये शिकायला अमेरिकेला गेली. माहेरचं नाव, माहेरचा पासपोर्ट. शिकून परत आली, लग्न झालं, नाव-आडनाव दोन्ही बदललं, राजपत्रात छापून आणलं, नवा पासपोर्ट काढला. सगळं रीतसर. पुढे काही वर्षांनी नणंदेने अमेरिकेत घर घेतलं, वास्तुशांतीला दोघांनी जायचं ठरलं. नवरा संगणकातला. "दिवसभर कोड लिहितो, एवढा फॉर्म नाही का भरता येणार?" म्हणून बायकोचा डीएस-१६०, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, त्यानेच एका बैठकीत उरकला. दुसरं नाव कधी होतं का? नाही. अमेरिकेत गेला होतात का? हो. अमेरिकेचा व्हिसा कधी मिळाला होता का? नाही, कारण "या पासपोर्टवर नाही ना!" दहाही बोटांचे ठसे आधी दिलेत का, असाही प्रश्न त्यात असतो. तिथेही नाही.

मुलाखतीच्या दिवशी तिने बोटं काचेवर ठेवली. अधिकाऱ्याने पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि तिचं माहेरचं संपूर्ण नाव वाचून विचारलं, "या कोण?"

ती म्हणाली, "मीच. म्हणजे, होते."

हातात २२१(जी)ची चिठ्ठी आली, म्हणजे व्हिसा तूर्त अडकला, आणखी कागद आणा. मग नवा फॉर्म, जुना पासपोर्ट माहेरच्या माळ्यावरून शोधून काढा, राजपत्राची प्रत, विवाह नोंदणीचा दाखला. दहा आठवडे गेले. वास्तुशांत त्यांनी व्हिडिओ कॉलवर बघितली. लबाडी कुणीच केली नव्हती, पण पडद्यावर ती लबाडीसारखीच दिसत होती. मला विचाराल तर चूक त्या 'एका बैठकीत उरकला'मध्येच झाली.

तेव्हापासून माझा नियम आहे: कुणाचाही फॉर्म उघडायच्या आधी वहीत एक पान. आजवरची सगळी नावं, सगळ्या पासपोर्टांचे क्रमांक, मिळालेले आणि नाकारलेले सगळे व्हिसे, सगळे प्रवास तारखांसकट. एक अख्खी संध्याकाळ लागते. लोक कंटाळतात, "हे सगळं विचारतात तरी का?" म्हणतात. विचारलं नाही तर पान वहीत राहील, बिघडलं काय?

१ जूनवाले

आपल्या आई-वडिलांच्या पिढीत १ जूनला जन्मलेले लोक भलतेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकली ती तारीख. दाखल्यावर १ जून, पासपोर्टवर १ जून. आणि मुलगा फॉर्म भरताना भावूक होऊन आईची 'खरी' तारीख टाकतो. अहो, फॉर्म पासपोर्टाशी ताडून बघतात. खरी तारीख वाढदिवसाला वापरा. ती पासपोर्टवर हवीच असेल तर आधी तिथे दुरुस्त करून घ्या, मग व्हिसाचं बघू.

नाकारलेला व्हिसा लपवणं

हे चूक म्हणूनही लिहावंसं वाटत नाही, कारण लपवणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं. "कॅनडाने नाकारला होता, पण हा तर ब्रिटनचा फॉर्म आहे, त्यांना कसं कळणार?" कळतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश व्हिसा अर्जदारांचे ठसे आपापसात पडताळून बघतात. नुसता नकार ही फार मोठी गोष्ट नसते, दोन ओळींत कारण सांगता येतं. लपवलेला नकार मात्र ब्रिटनमध्ये १० वर्षांच्या बंदीपर्यंत जाऊ शकतो आणि अमेरिकेत जाणूनबुजून खोटं बोलल्याचा ठपका बसला तर तो जन्मभर पाठ सोडत नाही. "एजंटनेच सांगितलं तसं लिही म्हणून" हे तिथे चालत नाही. फॉर्म भरायला कुणी मदत केली का, हेही अमेरिका विचारते, आणि शेवटचं बटण अर्जदाराने स्वतः दाबायचं असतं. ते दाबलं की सही तुमची.

एजंटचाच विषय निघालाय तर सांगते, फॉर्मवर स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा फोन द्या. एजंटचा दिलात की तुमच्या अर्जाची खबर त्याला आधी, तुम्हाला त्याच्या सवडीने. एका गृहस्थांना कागद मागवणारा ईमेल मुदत उलटून गेल्यावर कळला, कारण एजंट गावाला गेला होता.

सोशल मीडिया: 'मी काही वापरत नाही'

३१ मे २०१९ पासून अमेरिकेचा फॉर्म गेल्या ५ वर्षांतल्या सोशल मीडिया खात्यांची नावं मागतो. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना तर खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगितलंय. मला हे आवडतं का? मुळीच नाही. परक्या सरकारने आपल्या भाचीच्या लग्नाचे फोटो चाळावेत ही कल्पना कुणाला आवडेल? पण नावडीचा उपाय 'नन' (None, म्हणजे 'एकही खातं नाही') निवडणं हा नाही. जायचंय तर खरं लिहा, लिहायचं नसेल तर जाऊ नका. मुलाखतीच्या आदल्या रात्री बसून सगळ्या पोस्ट पुसणाऱ्यांना मी एवढंच विचारते, इतकं काय लिहून ठेवलं होतंस?

गंमत म्हणजे हीच माणसं व्हिसा मिळाल्याच्या आनंदात त्या पानाचा फोटो स्टेटसला टाकतात. त्यात नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, तळाच्या ओळी, सगळं स्वच्छ दिसतं. सरकारला माहिती देताना कुरकुर, आणि चाळीस नातेवाइकांच्या ग्रुपवर ती फुकट!

बाकीच्या, थोडक्यात

बोटांचे ठसे द्यायच्या आधी बोटांच्या टोकांना मेंदी नको. हात फार राबलेले असतील तर मी आठवडाभर आधीपासून रोज रात्री क्रीम लावायला सांगते. ठसे उठायला मदत होते.

फोटोला फिल्टर नको. गोरे दिसाल, पण तुम्ही दिसणार नाही.

डीएस-१६० पुन्हा भरलात तर मुलाखतीच्या नोंदणीतला क्रमांकही बदला. भरताना मधेमधे सेव्ह करा, वीस मिनिटं हात लावला नाही तर पान बंद होतं. अर्जाचा क्रमांक कागदावर लिहा. फोनचा स्क्रीनशॉट म्हणजे लिहून ठेवणं नव्हे, तो ऐनवेळी कधीच सापडत नाही.

"दहा वर्षांचा व्हिसा आहे" म्हणजे दहा वर्षं राहता येतं असं नाही. अमेरिकेत किती दिवस राहायचं ते आय-९४, म्हणजे तिथे उतरताना होणारी प्रवेशाची नोंद, ठरवते. तिथे उतरल्यावर त्याच आठवड्यात ती ऑनलाइन उघडून नाव आणि तारीख तपासा. माझ्या ओळखीतलं कुणीच हे आपणहून करत नाही.

शेंगेनचे ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. मागच्या कोणत्याही १८० दिवसांतले ९०, आणि पोहोचल्याचा नि निघाल्याचा दिवसही त्यातच धरतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे येण्याजाण्याची नोंद टप्प्याटप्प्याने यंत्रावर गेली. 'शिक्का पुसट होता' ही सबब संपली.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांची बहुतेक बायोमेट्रिक कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला संपली, आता ई-व्हिसा, म्हणजे सरकारी ऑनलाइन खात्यातली नोंद. नवा पासपोर्ट काढलात तर त्याचा क्रमांक त्या ऑनलाइन खात्यात घाला. नाहीतर परतताना विमान कंपनीच्या काउंटरवर तुमचा व्हिसा सापडत नाही, आणि मग पुन्हा मला फोन.

जपानमध्ये रेसिडेन्स कार्ड कायम अंगावर बाळगायचं असतं, घरच्या कपाटात नव्हे, आणि घर बदललं की १४ दिवसांत कळवायचं. जर्मनीत नव्या घरात गेल्यावर पत्ता नोंदवायला दोन आठवडे मिळतात. अमेरिकेत १० दिवस. 'सामान लागलं की बघू' म्हणणाऱ्यांचं सामान महिनाभर लागत नाही.

आणि जुना पासपोर्ट फेकू नका. त्यावर अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा असेल तर तो पासपोर्ट संपला तरी चालतो, जुना-नवा दोन्ही बरोबर न्यायचे. गेल्या वर्षी एका काकांनी जुन्यातला व्हिसाचा स्टिकर ब्लेडने अलगद सोडवला आणि नव्यात फेव्हिकॉलने चिकटवला. फार सफाईदार काम होतं. त्या पानाचा एक कोपरासुद्धा दुमडला नव्हता. व्हिसा अर्थातच बाद, आता नव्याने फी, नवा फॉर्म. त्यात पहिलंच विचारणार, आधीच्या व्हिसाचं काय झालं, आणि तिथे काय लिहायचं हे विचारायला ते उद्या सकाळी माझ्याकडे येणार आहेत.