वेफर्सचा कारखाना वाढवताना पुढचा माणूस कधी घ्यावा

अमेरिकी अभ्यासक डेव्हिड बर्च यांनी १९७९ मध्ये मांडलं की नव्या नोकऱ्यांचा मोठा भाग लहान उद्योगांतून येतो. पुढे त्यांनीच दाखवलं की त्यातही भार उचलतात ते वेगाने वाढणारे मोजकेच. अशा वेगवान उद्योगाचा आज प्रचलित असलेला निकष असा: सुरुवातीला किमान दहा कामगार आणि सलग तीन वर्षं वर्षाला सरासरी २० टक्के वाढ. म्हणजे तीन वर्षांत जवळपास पावणेदोन पट.

रावेर-यावल-सावद्याकडे केळी वेफर्सचा कारखाना असेल तर ही वाढ रुपयांत मोजू नका, किलोत मोजा. केळीचा भाव चढला की विक्रीचा आकडा फुगतो, माल मात्र तेवढाच निघतो. अशा फुगीर आकड्यावर माणसं घेतली की भाव उतरल्यावर पगार जड जातो.

माल खरंच वाढत असेल तर आठवडाभर सोलणं, काप, तळण, पॅकिंग या प्रत्येक टप्प्यावर तासाला किती किलो निघतात ते लिहून काढा. सगळ्यात कमी आकडा जिथे, नवा माणूस तिथेच. बहुतेक जण सोलायला बाया वाढवतात, कारण ते सोपं. पण अडलेलं असतं कढईपाशी, आणि सोललेली केळी वाट बघत काळी पडतात. मग घाईत गरम वेफर्स पाकिटात भरले जातात, आत वाफ धरते आणि माल मऊ पडून परत येतो.

तळण मालकाच्याच हातात असेल तर कारखाना मालकाच्या दोन हातांपलीकडे वाढत नाही. तेलाचं तापमान, घाण्याचं वजन, तेल बदलण्याची वेळ कागदावर लिहून भिंतीला लावा. महिनाभर शेजारी उभं राहून दुसऱ्याकडून करून घ्या.

आता पैसा, कारण चालते कारखाने बसतात ते उधारीपायी. महिन्याला १० लाखांची विक्री आणि ४५ दिवसांची उधारी असेल तर १५ लाख बाजारात अडकलेले असतात. विक्री १५ लाखांवर नेली की साडेबावीस. वरचे साडेसात लाख कुठून येणार, हे आधी ठरवा. बँकेकडच्या कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा ऑर्डर घेण्यापूर्वी वाढवून घ्या. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करा. नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. एकाच व्यापाऱ्याकडे निम्म्याहून जास्त माल जात असेल तर त्याच्या भरवशावर माणूस घेऊ नका.

दहावा कामगार घेताना ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं. मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के, १५ हजार पगाराच्या दहा जणांचे महिन्याला ४,८७५ रुपये. विसाव्याला पीएफ, मालकाचा वाटा साधारणपणे १२ टक्के. हा खर्च टाळायला नऊवर थांबणारे पुष्कळ. पण दवाखान्याची सोय असलेला तळणारा टिकतो, आणि तो सोडून गेला तर नवा तयार होईपर्यंतचं नुकसान याहून मोठं असतं.