खाडीपलीकडचा कॉम्प्युटर: निघण्याआधीची तयारी

दापोलीहून दाभोळला उतरायचं, फेरीबोटीत गाडी चढवायची, वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला लागायचं आणि तिथून गुहागरच्या बाजूला एका गावच्या वाचनालयात पोचायचं. मागच्या पावसाळ्यात हा सगळा प्रवास मी तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम (विंडोज किंवा लिनक्स) घालायला खिशात एकच पेनड्राइव्ह टाकून केला. ६४ जीबीचा, नवाकोरा, घरच्या लॅपटॉपवर झकास चालणारा. वाचनालयातल्या जुन्या डब्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन तास मी त्या कॉम्प्युटरला नावं ठेवली, पण चूक माझीच होती. पेनड्राइव्ह जीपीटी या नव्या पद्धतीने कप्पे पाडून बनवलेला आणि समोरचं यंत्र जुन्या बायोसचं. बायोस म्हणजे यंत्र चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा, बोर्डवरचाच छोटा प्रोग्राम. गावात रेंज नाही, पेनड्राइव्ह पुन्हा बनवायला दुसरा कॉम्प्युटर नाही. वाचनालयातल्या आप्पांकडचा चहा पिऊन आल्या वाटेने परत फिरलो. तेव्हापासून पिशवी भरण्याआधी काय काय करायचं ते ठरवूनच टाकलंय.

सुरुवात फोनने. 'आप्पा, कॉम्प्युटर चालू केल्यावर अगदी पहिल्यांदा जो काळा पडदा येतो ना, त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवा.' फोटो नको, व्हिडिओच हवा. तो पडदा दोन-तीन सेकंदांत जातो आणि फोटोत नेमकं बोट येतं. व्हिडिओ थांबवून बघितला की कंपनीचं नाव, मेमरी किती आहे आणि बूट मेन्यूसाठी, म्हणजे यंत्र कशावरून सुरू करायचं ते निवडायच्या यादीसाठी, कुठलं बटण दाबायचं ते बहुधा तळाशी दिसतं. नाहीच दिसलं तर ढोबळ हिशोब असा: डेल, लेनोवो आणि गिगाबाइटच्या मदरबोर्डवर एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, आसुसच्या डेस्कटॉप बोर्डवर एफ८, एमएसआयवर एफ११. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत एफ१२चा मेन्यू मुळात बंदच असतो. आधी बायोसमध्ये जाऊन तो चालू करावा लागतो. आपण बटण बडवत बसतो आणि काहीच होत नाही.

दुसरा प्रश्न तारखेचा. मी विचारलं तर आप्पा म्हणाले, 'तारीख? अरे तो कायम २००७ सालातच असतो.' यातच अर्धं निदान झालं. बोर्डवरचा सेल संपलाय. सीआर२०३२ नावाचा तो ३ व्होल्टचा, नाण्याएवढा सेल जुन्या बोर्डवर घड्याळही सांभाळतो आणि बायोसमध्ये केलेले बदलही. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत त्याचा अभाव जाणवत नाही. पण आपल्याकडे संध्याकाळी वाचनालय बंद करताना मेन स्विचच पाडतात, आणि पावसाळ्यात वीज तर स्वतःहूनच जाते. म्हणजे तुम्ही आज बायोसमध्ये यूएसबी पहिल्या नंबरावर आणलं, लाइट गेली, की परत सगळं कारखान्यातून आलं तसं. सेल किराणा दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका. दोन घ्या, एक निकामी निघतोच.

तिसरं, प्रोसेसर. पेन्टियम ४ आणि त्याआधीची बरीच यंत्रं ३२ बिटची. त्यांना ६४ बिटची सिस्टीम दिली तर पेनड्राइव्ह दिसेल, सुरूही होईल आणि मग कर्नल (सिस्टीमचा गाभा) चालत नाही असा निरोप येऊन गाडी थांबेल. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे, पण विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती त्याच्यावर उठतच नाही. तिला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. लोक मग पेनड्राइव्ह बदलत बसतात. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे २ जीबी मेमरीच्या वाचनालयी कॉम्प्युटरला मी तरी लिनक्सच घालतो. तिथेही आवृत्ती बघून घ्यावी लागते. डेबियन नावाच्या लिनक्सच्या १२मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर होता, १३मध्ये तो काढून टाकला. अँटीएक्स हे हलकं लिनक्स अशा म्हाताऱ्या यंत्रांना चांगलं मानवतं.

आता पेनड्राइव्ह. दोन करायचे, आणि दोन वेगळ्या पद्धतीचे. पहिला जुन्या बायोससाठी: रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या मोफत प्रोग्रामात पार्टिशनच्या (कप्प्यांच्या) ठिकाणी एमबीआर ही जुनी पद्धत आणि टार्गेटच्या ठिकाणी बायोस निवडायचं. जुन्या बायोसांसाठी दुरुस्त्या घालणारी एक खूण रूफसच्या जादा पर्यायांत दडलेली असते, तीही करायची. दुसरा यूईएफआयसाठी, म्हणजे बायोसच्या नव्या अवतारासाठी: जीपीटी आणि फॅट३२ (फाइली मांडून ठेवायची एक पद्धत). अनेक यूईएफआय यंत्रं फक्त फॅट वाचतात, आणि फॅट३२मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. विंडोजच्या हल्लीच्या प्रतींतली मुख्य फाइल त्याहून मोठी असते. अशा वेळी रूफस फॅट३२ऐवजी एनटीएफएस ही दुसरी पद्धत वापरून शेवटी एक चिमुकलं जादा पार्टिशन घालतो. ते नको म्हणून पुसू नका. व्हेंटॉय हा तसाच दुसरा प्रोग्राम वापरत असाल तर एकाच पेनड्राइव्हवर दोन्ही जातींची सोय होते, आणि मी तिसरा म्हणून तोही ठेवतो. पण भिस्त पहिल्या दोघांवर.

पेनड्राइव्ह ४ किंवा ८ जीबीचे जुने मिळाले तर सोनं समजा. काही जुनी बायोसं मोठ्या पेनड्राइव्हने बिचकतात. आणि हे सांगायला संकोच वाटतो, पण आयएसओ फाइल (सिस्टीमची डाउनलोड केलेली अख्खी प्रत) नुसती कॉपी करून पेनड्राइव्ह 'तयार' करणारे मला दर वर्षी भेटतात. तसं नाही चालत. ती फाइल आतून उलगडून, सुरुवातीचा कोड लिहून ठेवावी लागते. डाउनलोड झाल्यावर शा-२५६ची बेरीजही (फाइल पूर्ण उतरली का ते सांगणारा, साइटवर दिलेला आकडा) जुळवून बघायची. आमच्याकडे लाइट जाता-येता अर्धवट उतरलेली फाइल ही काही नवलाई नाही. मग दोन्ही पेनड्राइव्ह घरच्या यंत्रावर एकदा सुरू करून बघायचे. रूफसची ३.२२ ही आवृत्तीही एका फोल्डरमध्ये असू द्या, कारण विंडोज ७वर चालणारी ती शेवटची, आणि गावात एखादा चालू कॉम्प्युटर मिळालाच तर तो बहुधा विंडोज ७चाच असतो.

पिशवीत याशिवाय गोल पिनेचा जुना कीबोर्ड. हसू नका. जुन्या बायोसमध्ये यूएसबी कीबोर्डचा आधार बंद असला की यूएसबी कीबोर्डवरून बायोसमध्ये जाताच येत नाही, आणि तो आधार चालू करायला बायोसमध्येच जावं लागतं. स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, मऊ ब्रश, पांढरं खोडरबर. समुद्रकाठी मेमरीच्या पट्टीची सोनेरी टोकं खारट हवेने काळवंडतात. खोडरबराने हलकेच पुसली की पुष्कळ वेळा यंत्र शहाण्यासारखं वागायला लागतं. कॉम्प्युटरमधली वाचनालयाच्या पुस्तकांची नोंदवही आधी बाहेर काढून घ्यायला एक रिकामी हार्ड डिस्क. आणि एक सीडी. तिची गोष्ट पुढे.

तिथे पोचल्यावर घाई करायची नाही. आधी पोर्ट बघायचं, टॉर्च मारून. समोरची पोर्टं डब्यातून लांब वायरीने बोर्डला जोडलेली असतात आणि त्या वायरी सैल झालेल्या असतात. मागची थेट बोर्डवर. म्हणून मागचंच वापरायचं, आणि निळं सोडून काळं. निळं म्हणजे यूएसबी ३, जे पुष्कळ जुन्या बायोसांना सुरुवातीच्या टप्प्यात दिसत नाही, आणि विंडोज ७च्या इन्स्टॉलरकडेही त्याचा ड्रायव्हर नसतो. मागच्या पोर्टात एकदा मला कुंभारमाशीने बांधलेलं मातीचं घर सापडलं. पेनड्राइव्ह अर्धाच आत जात होता, आणि आप्पा म्हणत होते, 'घेतच नाही रे तो!' हब मध्ये लावायचा नाही. पेनड्राइव्ह यंत्र बंद असताना घालायचा, मग चालू करायचं. विंडोज ८ किंवा १० असेल तर शटडाउनऐवजी रीस्टार्ट करून बूट मेन्यू पकडायचा, कारण त्यांचं शटडाउन हे अर्धवट झोपणं असतं.

बायोसमध्ये शिरल्यावर काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो. मग यूएसबी लेगसी सपोर्ट (सिस्टीम सुरू होण्याआधीच यूएसबी ओळखायची सोय) चालू आहे ना ते बघायचं. पुष्कळ जुन्या बोर्डांवर पेनड्राइव्ह बूट डिव्हाइसच्या यादीत मिळतच नाही. तो हार्ड डिस्कच्या पोटातल्या यादीत असतो, आणि तिथे त्याला हार्ड डिस्कच्या वर न्यावं लागतं. त्याहून जुन्यांत यूएसबी-एचडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एफडीडी असे तीन पर्याय येतात. पहिला धरा, नाही जमलं तर दुसरा. नंतरच्या काळातल्या यंत्रांत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे यूईएफआय लावून. हार्ड डिस्कवर आत्ता जी पद्धत आहे तीच निवडायची. विंडोज १० चालू होत असेल तर एमएसइन्फो३२ या विंडोजच्याच माहितीच्या खिडकीत बायोस मोडच्या ओळीत ती लिहिलेली असते. सिक्युअर बूट (फक्त मान्यता असलेलीच सिस्टीम उठू देणारा पहारा) बंद आणि सीएसएम (यूईएफआयला जुन्या बायोससारखं वागायला लावणारी सोय) चालू करून पेनड्राइव्ह चालवला, पण काम झाल्यावर परत फिरवायला विसरलात, तर जुनं विंडोज उठेलच असं नाही आणि तुम्ही ते बिघडवलं असं गावात होईल. फोटो त्यासाठीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, 'दिसत नाही' म्हणजे नेमकं काय? मेन्यूत नावच नसेल तर पोर्ट, सेटिंग किंवा पेनड्राइव्हची जात बघा. नाव आहे, पण निवडल्यावर डिस्क काढा आणि कुठलंही बटण दाबा असा इंग्रजी निरोप येतो? मग आनंद माना. तो निरोप पेनड्राइव्हवरूनच आलाय. यंत्राने त्याला वाचलं, फक्त त्याच्यावर सुरू होण्यासारखं काही नाही. पेनड्राइव्ह पुन्हा बनवा, पोर्टं बदलत बसू नका. काळ्या पडद्यावर नुसती लुकलुकणारी रेघ असेल तर पार्टिशनची पद्धत किंवा ती जुन्या बायोसची खूण तपासा. सुरू होऊन मध्येच थांबत असेल तर दोष पेनड्राइव्हमध्ये शोधण्याआधी मेमरी आणि बिट बघा.

आणि काहीच जमलं नाही, यंत्र इतकं जुनं निघालं की पेनड्राइव्हवरून सुरू होणं त्याच्या जन्मात नव्हतं, तर ती सीडी. प्लॉप बूट मॅनेजर तिच्यावर लिहून ठेवलेला असतो. यंत्र सीडीवरून उठतं, प्लॉप स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर घेऊन येतो आणि पेनड्राइव्ह पुढे चालवतो. यूएसबी १.१ असेल तर सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे जेवून या, वामकुक्षी घ्या. सीडी ड्राइव्हही मेला असेल तर मी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्रावर लिनक्स घालतो आणि परत बसवतो. विंडोजच्या बाबतीत हा उद्योग करू नये, ते नव्या बोर्डवर रुसतं.

इन्स्टॉल संपून पहिला रीस्टार्ट होताना पेनड्राइव्ह काढायचा आणि बूटचा क्रम पुन्हा हार्ड डिस्कवर आणायचा. दुसऱ्या खेपेला सगळं नीट झालं, आप्पांनी शहाळं फोडलं, आणि मी मागच्या पोर्टातला पेनड्राइव्ह तिथेच ठेवून निघालो. धोपाव्याला फेरीत गाडी चढवत होतो तेवढ्यात फोन वाजला. 'अरे, हा परत पहिल्यापासून भाषा विचारतोय रे!'